नदीकाठच्या भातासाठी पूर सोसणारे वाण आणावे, की आधी खाचरे सुधारावीत?

प्रश्न: रंगावलीकाठ (ता. नवापूर)

नमस्कार. आमची भाताची खाचरे नवापूर तालुक्यात रंगावली नदीच्या उतारावर आहेत. खानदेश म्हटले की बहुतेकांना कापूस, केळी आणि ज्वारी-बाजरी आठवते. परंतु नवापूर, अक्कलकुवा, धडगाव आणि साक्री तालुक्याचा पश्चिमेकडील डोंगरपट्टा येथे भात हे घरच्या खाण्याचे पीक आहे आणि ते गेले तर वर्षभराचा तांदूळ विकत आणावा लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली आणि सरपणी या नद्यांना जो पूर आला, त्याने या भागातील नदीकाठची शेते किती असुरक्षित आहेत हे सर्वांनाच दाखवून दिले. त्यानंतरही मोठा पाऊस झाला की कमी-अधिक प्रमाणात तसेच नुकसान होत आले आहे.

आमच्याकडे हे नुकसान सगळीकडे सारखे नसते. नदीला अगदी लागून असलेल्या खाचरांवरून पाणी जोराने वाहते, बांध फुटतात आणि पाणी उतरल्यावर रोपांच्या जागी वाळू सापडते. नाल्याच्या तोंडाशी असलेल्या खोलगट खाचरांत मात्र पाणी तुंबते आणि आठवडाभर, कधी त्याहून अधिक काळ, रोपे पूर्ण बुडालेली राहतात. वरच्या खाचरांना पुराचा त्रास नाही, पण ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस आला की तयार झालेले भात आडवे पडते आणि लोंबीवरच दाणे उगवू लागतात.

गावातील काही तरुणांनी ‘स्वर्णा सब-१’ या पूर सोसणाऱ्या वाणाविषयी वाचले असून बाहेरून बियाणे मागवण्याचा त्यांचा विचार आहे. हे वाण आपल्या भागात चालेल का? लावणी वाहून गेल्यावर दुसरी लावणी किती उशिरापर्यंत करता येते? आणि वाणाखेरीज आणखी काय करता येण्यासारखे आहे? ज्यांनी स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: निवृत्त कृषी अधिकारी (नंदुरबार)

भाऊ, आपण नुकसानीचे जे तीन प्रकार वेगळे करून सांगितले आहेत, त्यातच अर्धे उत्तर आहे. ‘पूर सोसणारे वाण’ हा शब्दप्रयोग ऐकला की ते कोणत्याही पुरात तग धरेल असा समज होतो. प्रत्यक्षात त्या वाणाचा गुण अगदी ठरावीक परिस्थितीपुरता आहे.

ओडिशातील एका स्थानिक भातातून निवडलेले ‘एफआर १३ ए’ नावाचे जुने वाण पाण्याखाली दोन आठवडे तग धरते, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून माहीत होते. हा गुण भाताच्या नवव्या गुणसूत्रावरील एका भागात आहे हे १९९६ मध्ये कळले आणि त्यातील नेमके जनुक, म्हणजे ‘सब-१ ए’, २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तो गुण ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात संकराने उतरवला आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा सब-१’ भारतात प्रसारित झाले. हे जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेले, बियाणे नाही. पिढ्यान्‌पिढ्या संकर करताना हवा तो गुण कोणत्या रोपात आला आहे, हे प्रयोगशाळेत तपासून निवड केलेली आहे, एवढेच.

हा गुण काम कसा करतो हे समजले, तर तो कोठे उपयोगी पडेल हेही कळते. रोप पूर्ण बुडाले की त्यात इथिलीन वायू साठतो. साधे वाण त्यामुळे पाण्याबाहेर येण्यासाठी भराभर उंच वाढू लागते, त्यात साठवलेली सगळी शर्करा खर्च करते आणि पाणी ओसरल्यावर लुळे पडून कुजते. ‘सब-१ ए’ असलेले रोप ही वाढ रोखून धरते, साठा जपते आणि पाणी उतरल्यावर त्याच साठ्यावर नवीन पाने काढते. याच्या अगदी उलट वागणारे खोल पाण्यातील भातही आहेत. आसाम, बंगालच्या बाजूला पाणी महिनोन्‌महिने हटतच नाही, तेथे पाण्याबरोबर उंच वाढत जाणारे भात लावतात. त्या गुणाची जनुके जपानमधील संशोधकांनी २००९ मध्ये शोधली. दोन्ही भात पुराचेच, परंतु एकाच्या जागी दुसरा लावला तर दोन्ही मरतील.

आता आपल्या खाचरांकडे पाहू. रंगावली, सरपणी, नेसू या डोंगरातून उतरणाऱ्या नद्या आहेत. त्यांचे पाणी झपाट्याने चढते आणि तितक्याच झपाट्याने उतरते. नदीलगतच्या खाचरात रोप बुडून मरत नाही, ते उपटले जाते किंवा वाळूखाली गाडले जाते. तेथे ‘सब-१’चा काहीही उपयोग नाही. नाल्याच्या तोंडाशी असलेल्या तुंबणाऱ्या खाचरात मात्र तो गुण खरोखर कामाचा आहे, कारण साधे वाण पूर्ण बुडाल्यावर साधारण आठवड्याच्या आतच हार मानते आणि हे वाण दोन आठवड्यांपर्यंत टिकते. तेही पाणी जितके स्वच्छ आणि थंड, तितके अधिक. गढूळ पाण्यात पानांपर्यंत उजेड पोहोचत नाही आणि गाळाचा थर पानांवर बसतो, म्हणून तेवढा काळ टिकेलच असे धरून चालू नये. उकाई धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या गावांतही पाणी तुंबण्याचाच प्रकार आहे, त्यांनी या वाणाचा विचार अवश्य करावा.

एक मोठी अडचण राहते. स्वर्णा हे गरवे, म्हणजे उशिरा तयार होणारे, वाण आहे. त्याला १४० दिवसांच्या आसपास लागतात आणि रोप बुडून वाचले तर फुलोरा आणखी एक-दोन आठवडे लांबतो. खानदेशात सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस बहुधा ओढ घेतो. खोलगट खाचरात ओल टिकते म्हणून तेथे ते निभावेल, परंतु वरच्या खाचरांत हेच वाण दाणे भरण्याच्या वेळी पाण्याला मुकेल. म्हणून संपूर्ण शेतासाठी बियाणे मागवू नका. तुंबणाऱ्या एखाद्या खाचरात, अर्ध्यावर आपले नेहमीचे वाण आणि अर्ध्यावर हे, असे एक हंगाम लावून पाहा. बियाणे प्रमाणित असेल तरच घ्या, कारण रोपाकडे पाहून ‘स्वर्णा’ आणि ‘स्वर्णा सब-१’ यांतील फरक ओळखता येत नाही.

उत्तर: पश्चिम साक्री

दादा, वाणाचे साहेबांनी उत्तम सांगितले आहे. मी बांध आणि रोपे यांच्याविषयी लिहितो, कारण आमच्याकडे पिंपळनेरच्या वरच्या डोंगरपट्ट्यात नुकसान कमी झाले ते त्यामुळेच.

बांध फुटला की पुढच्या वर्षी तो आणखी उंच करायचा, ही सर्वांची पहिली प्रतिक्रिया असते. ती चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. उंच बांधामागे अधिक पाणी साठते, आणि तो फुटतो तेव्हा खालच्या सगळ्या खाचरांचे बांध एकापाठोपाठ घेऊन जातो. बांध उंच करण्यापेक्षा पाण्याला बाहेर जाण्याची पक्की वाट द्यावी. प्रत्येक खाचराला दगडांनी बांधलेला रुंद सांडवा असावा, त्याच्या खाली पाणी पडते त्या जागीही दगड पसरावेत आणि वरच्या व खालच्या खाचरांचे सांडवे एका रेषेत ठेवू नयेत. एकाचा सांडवा उजवीकडे, तर त्याखालच्याचा डावीकडे असला म्हणजे पाण्याला वेग धरता येत नाही. पूर येण्याआधी खाचर कोरडे ठेवण्यापेक्षा थोडे पाणी असू द्यावे, म्हणजे वरून कोसळणारे पाणी थेट मातीवर पडत नाही.

खेकड्यांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बांध बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून खेकड्यांनी पोखरलेला असतो. पुराचे पाणी नेमके त्या बिळांतून शिरून बांध फोडते. लावणीआधी बांध तुडवून, बिळे चिखलाने आणि दगडांनी बुजवून घ्यावीत. नदीकडील बांधावर वाळा किंवा निरगुडी लावावी. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात, त्यामुळे माती धरून ठेवण्यासाठी त्यासारखे दुसरे गवत नाही, आणि त्याच्या काड्यांत अडकून पुराचा वेगही मोडतो.

रोपांच्या बाबतीत आमची पद्धत अशी आहे की सगळे बियाणे एकाच वेळी टाकायचे नाही. एक भाग पहिल्या पावसावर टाकतो, दुसरा त्यानंतर पंधरवड्याने, आणि दोन्ही गादीवाफ्यावर, उंच जागी. नदीकाठच्या खाचराशेजारी रोपवाटिका करणे सोयीचे वाटते, परंतु पुरात खाचर आणि रोप दोन्ही एकदम जातात. लावणी झाल्यावर उरलेली रोपे फेकून देत नाही. ती वरच्या खाचराच्या एका कोपऱ्यात दाट लावून ठेवतो. खाली काही वाहून गेले तर तेथून उपटून पुन्हा लावता येतात. गावातील चार-पाच घरांनी मिळून असा एक कोपरा राखला तर कोणालाच फार जड जात नाही, आणि ज्याचे गेले त्याला हात पसरावे लागत नाहीत.

रोपे अजिबात उरली नसतील तर चिखलणी केलेल्या खाचरात मोड आणलेले बियाणे फेकावे. कोकणात याला रहू पद्धत म्हणतात. त्यासाठी हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, वाणच घ्यावे. बियाणे फेकल्यावर खाचरात पाणी साठू देऊ नये, कारण पाण्याखाली कोवळे मोड कुजतात.

उत्तर: मूळची धुळ्याची, सध्या भुवनेश्वर

दादांनी दाट लावून ठेवलेल्या रोपांचे जे सांगितले, तीच पद्धत बिहारमध्ये खरुहान या नावाने आणि पूर्व उत्तर प्रदेशात सांडा या नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तेथे तर ती आपत्कालीन सोय न राहता मुद्दाम दोनदा लावणी करण्याची रीत झाली आहे, कारण दुसऱ्यांदा लावलेले रोप उंच आणि टणक असते आणि उशिराच्या पाण्यात सहज बुडत नाही. साक्रीच्या डोंगरात आणि गंगेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी एकच उपाय शोधावा, याचे मला फार अप्रूप वाटले.

‘स्वर्णा सब-१’ येथे ओडिशात मोठ्या प्रमाणावर लावले जाते, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते. २०१३ मध्ये ओडिशातील शेतांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा दिवस बुडालेल्या शेतांत या वाणाने साध्या स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक उत्पादन दिले, असे त्यात आढळले. पूर न आलेल्या वर्षी दोघांचे उत्पादन सारखेच होते, म्हणजे हा गुण बाळगण्याची किंमत पिकाला मोजावी लागत नाही. त्याच अभ्यासातील एक निष्कर्ष मला या आकड्याहूनही महत्त्वाचा वाटतो. खोलगट, वारंवार बुडणारी जमीन तेथे अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे अधिक आहे आणि म्हणून या वाणाचा लाभ त्यांना अधिक प्रमाणात मिळतो. आपल्या नवापूर, अक्कलकुव्याकडेही काठावरचा तुकडाच ज्यांच्या वाट्याला आला आहे अशी आदिवासी कुटुंबे पुष्कळ आहेत. बियाणे वाटपाची योजना कधी झाली, तर ती तालुक्याला सरसकट देण्याऐवजी तुंबणाऱ्या खाचरांच्या मालकांपर्यंत पोहोचेल असे पाहिले पाहिजे.

येथील शेतकऱ्यांकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट पाणी उतरल्यानंतरची आहे. पीक पिवळे, मलूल दिसते म्हणून लगेच युरिया टाकण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. पाणी ओसरल्यावर पाच-सात दिवस रोपांना हात लावू नये, नवीन पान फुटू लागले की मग नत्र आणि सोबत पालाश द्यावे. जगलेल्या चुडांचे (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांचे) फुटवे वेगळे करून ते मेलेल्या जागी लावण्याची रीतही येथे आहे. नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, भरण्यासाठी ती फार उपयोगी पडते. पूर गेल्यावर काही दिवसांनी लष्करी अळीचे झुंड येतात आणि कडा करपा पसरतो, त्याकडे लक्ष ठेवावे.

उत्तर: माजी सरपंच (नवापूर तालुका)

वर सर्वांनी पिकाविषयी लिहिले, मी नुकसानभरपाईविषयी लिहितो, कारण तेथे आपली माणसे सर्वांत अधिक गमावतात.

भात पाण्याखाली बुडून झालेले नुकसान पीक विमा योजनेतील वैयक्तिक शेतपातळीवरील भरपाईतून २०१८ मध्ये वगळण्यात आले होते. आजूबाजूच्या महसूल मंडळात पीक चांगले असेल तर बुडालेल्या एका खाचराला काहीच मिळत नसे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ही जोखीम पुन्हा समाविष्ट करण्याचा निर्णय जाहीर केला असून तो खरीप २०२६ पासूनचा आहे. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत, ठिकाणाची नोंद असलेल्या छायाचित्रांसह, पीक विमा ॲपवर द्यायची आहे. डोंगरपाड्यांत पुरानंतर वीज आणि नेटवर्क दोन्ही नसते, त्यामुळे हे ७२ तास पाहता पाहता निघून जातात. गावातील एक-दोन तरुणांनी आधीच ही जबाबदारी घेऊन ठेवावी आणि पाणी खाचरात उभे असतानाच छायाचित्रे काढावीत. ई-पीक पाहणीत भाताची नोंद नसेल तर पुढे सगळेच अडते, ती वेळेत करावी. ज्यांची शेती वनपट्ट्यावर आहे, त्यांनी वनहक्काच्या प्रमाणपत्राची प्रत हाताशी ठेवावी.

दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. नदीलगतच्या खाचरात खरे नुकसान मातीचे होते, परंतु पंचनाम्यात बहुतेक वेळा फक्त ‘भात पीक बाधित’ असे लिहिले जाते. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांनुसार ३३ टक्के किंवा त्याहून अधिक पीक गेल्यास जिरायतीसाठी हेक्टरी ८,५०० रुपये आहेत. मात्र शेतात तीन इंचांहून अधिक गाळ-वाळू साचल्यास ती काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये, आणि नदीने पात्र बदलून जमीनच खरवडून नेली असल्यास अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,००० रुपये अशी स्वतंत्र तरतूद आहे. पंचनाम्याच्या वेळी वाळूचा थर फुटपट्टीने मोजून दाखवावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि गाळाची नोंद वेगळी करून घेतल्याशिवाय सही करू नये.

रंगावलीकाठ (ता. नवापूर)

सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. तीन इंचांच्या निकषाची आमच्या गावात कोणालाही कल्पना नव्हती. उद्याच बैठकीत सांगतो. साहेब, दोन शंका राहिल्या आहेत. राखून ठेवलेली रोपे ऑगस्टमध्ये लावायची वेळ येईल तेव्हा ती बरीच वयस्क झालेली असतील, ती कशी लावावीत? आणि वाळू साचलेल्या खाचराचे त्याच हंगामात काही करता येते का?

उत्तर: निवृत्त कृषी अधिकारी (नंदुरबार)

वयस्क रोपांना फुटवे कमी येतात, त्यामुळे ती नेहमीपेक्षा जवळ लावावीत आणि एका चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच रोपे धरावीत. नत्राचा पहिला हप्ता लावणीच्या वेळीच द्यावा, कारण त्यांना फुटण्यासाठी वेळ थोडाच मिळतो. शक्य असेल तर युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल रोवाव्यात. पुन्हा पाणी चढले तर वर फेकलेला युरिया वाहून जातो, खोल रोवलेली गोळी जागेवर राहते. उंच झालेल्या रोपांचे शेंडे खुडण्याची सवय आपल्याकडे आहे. पुरानंतरच्या हंगामात ती टाळावी, कारण कापलेल्या पानातून कडा करप्याचे जिवाणू आत शिरतात, आणि पुन्हा पाणी आले तर आखूड रोप आधी बुडते.

पारंपरिक गरवी वाणे दिवस लहान होऊ लागले की फुलतात, म्हणून उशिरा लावली तरी ती साधारण आपल्या वेळेलाच निसवतात; उत्पादन घटते, पण पीक हाती येते. सुधारित वाणांचे तसे नसते, त्यांचे दिवस ठरलेले असतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये नव्याने बियाणे टाकायचे असेल तर १०० ते ११५ दिवसांत येणारे कर्जत-१८४ किंवा रत्नागिरी-२४ यांसारखे हळवे वाण घ्यावे. दापोग पद्धतीने, म्हणजे प्लास्टिकसारख्या आच्छादनावर दाट बी टाकून केलेले, रोप बारा ते चौदा दिवसांत तयार होते, तेवढे दिवस वाचतात. ऑगस्टचा पहिला पंधरवडा उलटून गेल्यावर नव्या भाताच्या नादी लागू नये. त्या खाचरात ओलीवर हरभरा घेण्याची तयारी केलेली अधिक चांगली.

वाळूच्या बाबतीत थर पातळ असेल आणि खालची माती काळी, जड असेल, तर नांगरून मिसळून टाकावा. त्याने अपाय होत नाही. थर जाड असेल तर मिसळण्याची घाई करू नका, कारण एकदा मिसळलेली वाळू पुन्हा वेगळी काढता येत नाही आणि खाचराची पाणी धरण्याची शक्ती कायमची जाते. ती बाजूला ओढून नदीकडील बांधाच्या बाहेरच्या अंगाला टाकावी, पण पंचनामा होण्यापूर्वी नाही. बारीक, चिकट गाळ असेल तर तो खाचरातच राहू द्यावा, ते खतच आहे.

आडव्या पडलेल्या भाताचे राहिले. शेतातून पाणी ताबडतोब काढून चार-पाच चूड एकत्र बांधून उभे करावेत, म्हणजे लोंब्या मातीला टेकत नाहीत. दाणे पक्व झाले असतील आणि पाऊस थांबण्याचे चिन्ह नसेल, तर लोंब्यांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याची फवारणी करतात, त्याने दाणे उगवणे लांबते. असे भात बियाण्यासाठी मात्र ठेवू नये. बियाणे वरच्या खाचरातील, उभ्या पिकातूनच निवडावे.